फुले योजनेचं कार्ड कुठे चालतं, कुठे अडतं

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आता महाराष्ट्रात रेशन कार्ड असलेल्या प्रत्येक कुटुंबाला लागू आहे. पिवळं, केशरी, पांढरं, कुठलंही कार्ड चालतं. १ जुलै २०२४ पासून एका कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचा उपचार यादीतल्या रुग्णालयात मोफत मिळायला हवा. निकाल आधीच सांगून टाकतो. हृदयाची शस्त्रक्रिया, डायलिसिस, केमोथेरपी, मोडलेलं हाड यांसाठी ही योजना घर आणि जमीन वाचवते, आणि म्हणून ती टिकली पाहिजे. तापाने अत्यवस्थ होऊन आयसीयूत गेलेल्या म्हाताऱ्या माणसासाठी तिचा भरवसा धरता येत नाही. बीपी-शुगरच्या रोजच्या गोळ्यांसाठी तर ती नाहीच.

सरकार कुणालाही ‘तुला उपचार मिळणार नाही’ असं लिहून देत नाही. पैसा मात्र मोजकाच असतो, त्यामुळे कुणाला मिळणार आणि कुणाला नाही हे कुठेतरी ठरतंच. या योजनेत ते चार ठिकाणी ठरतं: कार्डावर, रुग्णालयांच्या यादीत, मंजुरीच्या टेबलावर आणि पॅकेजमध्ये, म्हणजे प्रत्येक उपचाराला ठरवून दिलेल्या रकमेत. या चारही ठिकाणी काय अडतं आणि का अडतं, हे माहीत असलेल्या नातेवाइकाचं काम बऱ्याचदा होतं. माहीत नसलेला घाबरून डिपॉझिट भरतो.

योजनेची मागची वाट थोडक्यात. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ ला आठ जिल्ह्यांत सुरू झाली, नोव्हेंबर २०१३ मध्ये राज्यभर गेली. तेव्हा मर्यादा दीड लाखाची होती, मूत्रपिंड प्रत्यारोपणाला अडीच लाख, आणि उपचार ९७१. २०१७ मध्ये नाव बदलून ती फुले योजना झाली. २०१८ च्या सप्टेंबरात केंद्राची आयुष्मान भारत योजना आली, ५ लाखांची, पण २०११ च्या सामाजिक-आर्थिक गणनेत नाव असलेल्यांनाच. १ एप्रिल २०२० पासून दोन्ही योजना एकत्र चालू लागल्या. मग काही वर्षं अशी गेली की एकाच गल्लीत एका घराला ५ लाख आणि शेजारच्या घराला दीड लाख. २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने ही तफावत काढली, उपचार १,३५६ केले आणि मूत्रपिंड प्रत्यारोपणाची मर्यादा साडेचार लाखांवर नेली. प्रत्यक्ष अंमल व्हायला पुढचं जवळजवळ एक वर्ष गेलं.

आता कार्ड. रुग्णालयात शिरल्यावर आधी आरोग्यमित्राचं टेबल शोधायचं. योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात ते असायलाच हवं, आणि ते बहुधा मुख्य दाराजवळ किंवा बिलिंगच्या शेजारी असतं. आरोग्यमित्र हा रुग्णालयाचा नोकर नसतो, योजनेचा असतो. त्यामुळे ‘आमच्याकडे योजना बंद आहे’ हे बिलिंगच्या माणसाने सांगितलं तरी ते प्रमाण मानू नये, आरोग्यमित्राकडून वदवून घ्यावं. त्याला रेशन कार्ड आणि फोटो असलेलं ओळखपत्र लागतं. आधार असेल तर उत्तम.

इथे सगळ्यात जास्त अडतं ते नावावरून. रेशन कार्डावर ‘सुमन’ आणि आधारवर ‘सुमनबाई’, लग्न होऊन आलेल्या सुनेचं नाव अजून माहेरच्या कार्डावर, घरं वेगळी झाली तरी कार्ड एकच. यातली पहिली अडचण बहुतेक वेळा आरोग्यमित्र सोडवू शकतो. दुसरी आणि तिसरी तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेतच सुटते, आणि रुग्ण खाटेवर असताना तिथे जायला वेळ नसतो. म्हणून हे काम आजार नसताना करून ठेवायचं. कार्ड ऑनलाइन आहे का, म्हणजे बारा अंकी नंबराने सगळ्या माणसांची नावं दिसतात का, ते रास्त भाव दुकानात तपासता येतं. नवजात बाळाचं नाव कार्डावर असणं शक्यच नसतं. त्याला आई-वडिलांचं कार्ड आणि जन्माचा दाखला यावर घेतात, आई-वडिलांसोबतचा फोटोही मागतात. कार्डावर नाव नाही म्हणून बाळाला कुणी परत पाठवत असेल तर ते चूक आहे.

आणखी एक गोष्ट इथेच विचारून घ्यावी. ५ लाखांची मर्यादा माणसामागे नाही, पूर्ण कुटुंबाला मिळून आहे, आणि तिचं वर्ष पॉलिसीच्या तारखेपासून मोजतात. तुम्ही पहिल्यांदा भरती झालात त्या तारखेपासून नाही. सासऱ्यांचं डायलिसिस चालू असेल आणि त्याच कार्डावर सुनेचा अपघात झाला, तर शिल्लक किती ते आरोग्यमित्राच्या संगणकावर दिसतं. ते आधी पाहूनच पुढचं ठरवावं. घरात सत्तरी ओलांडलेलं माणूस असेल तर त्याचं आयुष्मान वय वंदना कार्ड वेगळं काढावं. २९ ऑक्टोबर २०२४ पासून या वयाच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, ही सोय आहे. आयुष्मानमध्ये आधीपासून असलेल्या कुटुंबातल्या ज्येष्ठांना जास्तीचे ५ लाख स्वतंत्र मिळतात, बाकीच्यांच्या वाट्यातून जात नाहीत. इतका फायदा एका कार्डात असूनही घरोघरी ते काढलेलं दिसत नाही, याचं वाईट वाटतं.

दुसरी अडचण रुग्णालयांच्या यादीची. पाटी पाहून लोक फसतात ते इथे. रुग्णालय योजनेत असतं म्हणजे त्यातला प्रत्येक विभाग योजनेत असतो असं नाही. मान्यता विशेषज्ञतेप्रमाणे मिळते. एखाद्या रुग्णालयाला मूत्रविकार आणि अस्थिरोग यांची मान्यता असते, हृदयरोगाची नसते. दारावरची पाटी एकच असते. म्हणून ‘तुमच्याकडे योजना आहे का’ असं विचारूच नये. ‘अँजिओप्लास्टी योजनेत करता का’ असं उपचाराचं नाव घेऊन विचारावं. योजनेच्या १५५३८८ किंवा १८०० २३३ २२०० या मोफत क्रमांकावर हेच विचारता येतं. आयुष्मानसाठी १४५५५ हा क्रमांक आहे.

मग काही उपचार सरकारी रुग्णालयांसाठीच राखीव आहेत, शंभराहून अधिक. खासगीत ते योजनेत होतच नाहीत. यामागे कारण आहे. जिथे गरज नसताना शस्त्रक्रिया करून पैसे काढायचा मोह सोपा, किंवा जे काम सिव्हिलला सहज जमतं, ते सरकारीकडे ठेवलं तर पैसाही वाचतो आणि गैरप्रकारही कमी होतात. तत्त्व बरोबर आहे. पण त्या सिव्हिलमध्ये भूलतज्ज्ञाची जागा रिकामी असेल तर राखीव उपचाराचा अर्थ रुग्णासाठी ‘तारीख पुढे गेली’ एवढाच उरतो. उपचार राखीव करताना तिथली पदं भरली आहेत का, हे पाहण्याची सक्ती असायला हवी होती.

यादीतली खासगी रुग्णालयं मुंबई, पुणे, नाशिक, कोल्हापूर, नागपूर, छत्रपती संभाजीनगर या शहरांभोवती दाटलेली आहेत. गडचिरोली २०१२ च्या पहिल्या आठ जिल्ह्यांतच होता, तरी तिथला हृदयाचा रुग्ण आजही नागपूरचीच वाट धरतो. कार्ड दोघांचं सारखं, पण पुण्याच्या माणसाला दहा पर्याय आणि भामरागडच्या माणसाला आधी शेकडो किलोमीटरचा प्रवास. हृदयविकाराच्या झटक्यात पहिले काही तासच महत्त्वाचे असतात, आणि तेच रस्त्यात जातात.

तिसरं टेबल मंजुरीचं. नोंदणी झाली की रुग्णालयाचा योजना समन्वयक डॉक्टर रुग्णाचे कागद संगणकावर चढवतो आणि पूर्वपरवानगी मागतो. पलीकडे विमा कंपनीच्या वतीने काम करणारे डॉक्टर ते तपासतात. आपल्याकडे याला सगळे ‘अप्रूव्हल’ म्हणतात, आणि कागद कमी पडले की ‘क्वेरी आली’. नियोजित शस्त्रक्रियेला मंजुरी साधारण दिवसाभरात यायला हवी. रुग्ण अत्यवस्थ असेल तर फोनवरून तातडीची मंजुरी घेऊन उपचार सुरू करता येतात, कागद मागून देता येतात. ही सोय रुग्णालयांना पक्की माहीत असते. नातेवाइकांना क्वचितच कुणी सांगतं.

क्वेरी येते ती बहुतेक पुराव्याच्या कमतरतेमुळे. अँजिओप्लास्टीला ईसीजी, टूडी इको आणि अँजिओग्राफीची सीडी लागते. कॅन्सरला बायोप्सीचा अहवाल लागतो, नुसता स्कॅन पुरत नाही. हाडाला शस्त्रक्रियेच्या आधीचा एक्स-रे हवा, आणि दावा भरताना, म्हणजे रुग्णालय योजनेकडे खर्चाचे पैसे मागताना, रॉड-प्लेट बसवल्यानंतरचाही. स्टेंट किंवा सांधा बसवला तर त्याच्या वेष्टनावरचं स्टिकर फाइलला लावावं लागतं. यातलं एक जरी निसटलं तरी पैसे अडतात, आणि अडलेल्या पैशांची चिंता रुग्णालय हळूच नातेवाइकांच्या खांद्यावर देतं. त्यामुळे दुसरीकडे केलेल्या तपासण्यांचे मूळ अहवाल, सीडीसकट, एका पिशवीत जपून न्यावेत. अँजिओग्राफीची सीडी हरवली म्हणून पुन्हा अँजिओग्राफी करणं म्हणजे किडनीवर पुन्हा डायचा, तपासणीसाठी रक्तात सोडायच्या औषधाचा, भार.

मंजुरी नाकारली गेली तर ‘योजनेत बसत नाही’ एवढं तोंडी उत्तर घेऊन उठू नये. नकाराचं कारण संगणकावर नोंदलेलं असतं. ते वाचून दाखवायला सांगावं. उपचारच यादीत नाही, कागद अपुरे आहेत, की डॉक्टरांच्या मते शस्त्रक्रियेची गरज नाही, या तीन कारणांवर पुढचं सगळं ठरतं. कागद अपुरे असतील तर ते जोडून पुन्हा पाठवता येतं. उपचार यादीत नसेल तर दुसऱ्या सोयीकडे वळायला हवं, आणि ते लवकर कळलेलं बरं. तिसऱ्या कारणात दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यावं. अनेकदा ती हरकत रुग्णाच्या हिताचीच असते.

आता पॅकेज. सगळ्यात जास्त भांडणं इथे होतात, आणि योजनेचं अर्थकारणही इथेच उघडं पडतं. प्रत्येक उपचाराला एक ठरलेली रक्कम आहे. तिच्यात जनरल वॉर्डची खाट, डॉक्टर आणि भूलतज्ज्ञाची फी, ऑपरेशन थिएटर, रक्त, ऑक्सिजन, औषधं, तपासण्या, बसवायचं साहित्य, रुग्णाचं जेवण, सगळं धरलेलं आहे. डिस्चार्जनंतरच्या दहा दिवसांची औषधं आणि तपासणीही त्यात येते, आणि त्या काळात गुंतागुंत झाली तर तिचा उपचारही. घरी जायचं एसटीचं किंवा रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाचं भाडंसुद्धा पॅकेजमध्ये आहे. म्हणजे रुग्णाच्या खिशातून एक रुपया जायला नको.

प्रत्यक्षात मागणी येते ती ठराविक वाक्यांत. ‘आत्ता डिपॉझिट भरा, अप्रूव्हल आलं की परत देऊ.’ ‘योजनेचा स्टेंट साधा आहे, चांगला हवा तर वरचे पैसे द्या.’ ‘हे इंजेक्शन पॅकेजमध्ये नाही, बाहेरच्या मेडिकलमधून आणा.’ मंजुरी मिळालेल्या उपचारासाठी अशी मागणी नियमाला धरून नाही. खरोखर पैसे द्यावे लागले तर पावती घ्यावीच, आणि औषधाची चिठ्ठी रुग्णालयाच्या छापील कागदावर, शिक्क्यासह मागावी. पावती नसलेल्या पैशांची तक्रार पुढे टिकत नाही.

रुग्णालयं असं का वागतात? काही ठिकाणी निव्वळ लोभ आहे, त्यावर पांघरूण घालायचं कारण नाही. पण दुसरंही एक कारण आहे, आणि ते सरकारने तयार केलेलं आहे. पॅकेजची रक्कम सरासरी रुग्ण धरून ठरते. एखाद्याला शुगर आहे, किडनी अर्धी चालते, तो शस्त्रक्रियेनंतर पाच दिवस जास्त राहणार. त्याचा खर्च वाढतो, पॅकेज वाढत नाही. दर वर्षानुवर्षं तेच राहिले, औषधं आणि पगार महागले आणि वर दाव्याचे पैसे महिनोन् महिने अडकले, तर रुग्णालय सोपे रुग्ण घेतं आणि अवघड रुग्णांना ‘खाट नाही’ म्हणतं. खाट नाही हा नकार कुठल्याच नोंदीत येत नाही. मंजुरी नाकारली तर निदान आकडा तरी राहतो.

दराच्या नियमांचा उपचारावर कसा परिणाम होतो याचं एक उदाहरण पाहण्यासारखं आहे. आयुष्मानच्या नियमात एकाच वेळी दोन-तीन शस्त्रक्रिया केल्या तर सगळ्यात महाग शस्त्रक्रियेची पूर्ण रक्कम मिळते, दुसरीची निम्मी आणि तिसरीची पाव. हिशेब योग्य आहे, कारण भूल आणि थिएटर एकदाच लागतं. पण त्यामुळे काही ठिकाणी दोन शस्त्रक्रिया मुद्दाम दोन वेळच्या भरतीत विभागल्या जातात. रुग्णाला दोनदा भूल, दोनदा जखम, दोनदा मजुरी बुडाली. ‘दुसरं ऑपरेशन पुढच्या महिन्यात’ असं सांगितलं तर त्याचं वैद्यकीय कारण विचारावं. खरं कारण असेल तर डॉक्टर ते सहज सांगतात.

डिस्चार्जच्या वेळचे कागद घाईत सही करून घेतात, तिथे पाच मिनिटं थांबावं. एक समाधान पत्र असतं, एक प्रवासभाडं मिळाल्याची पावती. पैसे हातात न पडता भाड्याच्या पावतीवर सही करू नये. समाधान पत्रावर ‘माझ्याकडून कोणतीही रक्कम घेतलेली नाही’ अशा अर्थाची ओळ असते. रक्कम घेतली असेल तर ती ओळ खोडून खरं काय ते लिहावं. त्या सहीनंतर तक्रार केली तर रुग्णालय तोच कागद पुढे करतं.

आजाराप्रमाणे अनुभव फार वेगळा येतो. हृदय आणि मूत्रपिंड यांत योजना सगळ्यात चांगली चालते, कारण निदानाचा पुरावा स्पष्ट असतो, उपचार ठरलेला असतो आणि रुग्णालयांना त्याची सवय झालेली असते. डायलिसिसच्या रुग्णाने एवढंच पाहावं की हिमोग्लोबिन वाढवायची इंजेक्शनं पॅकेजमधून मिळतात की बाहेरून आणायला सांगतात. सुरुवातीलाच विचारलं तर पुढे दर महिन्याचा वाद टळतो. कॅन्सरमध्ये प्रत्येक केमोला वेगळी मंजुरी लागते, त्यामुळे पुढच्या तारखेआधी अहवाल तयार ठेवावे लागतात. एक मंजुरी लांबली की केमोची सायकल, म्हणजे ठरलेलं चक्र, चुकतं. नवी, महागडी औषधं यादीत असतीलच असं नाही. उपचार ठरवतानाच डॉक्टरांना ‘योजनेत मिळेल असा प्रोटोकॉल कोणता’ हे विचारायला लाजू नये.

रस्ते अपघातात आणखी एक सोय जोडून वापरता येते. मे २०२५ मध्ये केंद्राने अपघातग्रस्तांसाठी रोखरहित उपचाराची योजना अधिसूचित केली आहे, अपघातापासून सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांची. तिला रेशन कार्ड लागत नाही.

आणि तापाचे, न्यूमोनियाचे, सेप्सिसचे, म्हणजे अंगभर जंतुसंसर्ग भिनलेले रुग्ण. इथे निदान बदलत जातं, मुक्काम किती लागेल सांगता येत नाही, खर्च रोज वाढतो. पॅकेजची पद्धत मुळात शस्त्रक्रियेसाठी आखलेली आहे, अशा आजाराला ती नीट बसत नाही. खासगी रुग्णालयं सर्वात जास्त टाळाटाळ इथेच करतात. अशा रुग्णाला खासगीत दोन दिवस घालवून, पैसे संपल्यावर, व्हेंटिलेटरची गरज लागल्यावर सरकारी रुग्णालयात नेण्यापेक्षा पहिल्याच दिवशी जिल्हा रुग्णालयात किंवा वैद्यकीय महाविद्यालयात नेणं शहाणपणाचं.

सरकारी रुग्णालयाबद्दल दोन गोष्टी लोकांना माहीत नसतात. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, केस पेपरसह सगळं मोफत आहे. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं दुसऱ्या विभागाकडे आहेत आणि महापालिकेची महापालिकेकडे, त्यांना हा निर्णय लागू नव्हता. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. सरकारी रुग्णालयात उपचार तसाही मोफत किंवा स्वस्तात होत असला, तरी मोठी शस्त्रक्रिया असेल तर ती योजनेखाली नोंदवायला सांगावं. तो दावा मंजूर झाला की पैसे त्या रुग्णालयाच्या खात्यात येतात आणि औषधं, साहित्य, यंत्रदुरुस्ती यांना उपयोगी पडतात. ज्या सिव्हिलमध्ये दावे भरणारा माणूस नीट काम करतो, तिथे औषधांची कमतरता स्थानिक खरेदीतून भागवता येते. दुसऱ्या सिव्हिलमध्ये तेच ऑपरेशन होतं, नोंद होत नाही आणि हक्काचे पैसे बुडतात. कुटुंबाच्या मर्यादेतून रक्कम वजा होते हे खरं, त्यामुळे त्याच वर्षी मोठा उपचार यायचा असेल तर विचार करून ठरवावं.

राजकारणाचा भाग इथे सुरू होतो. कार्डांची संख्या, उपचारांची संख्या आणि मर्यादेची रक्कम हे तीन आकडे जाहीर सभेत सांगता येतात. २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांना योजना लागू करायचं ठरलं, तेव्हा त्यावरून कर्नाटकाशी वाद पेटला. आरोग्य योजना राजकारणात किती कामाची असते ते त्यावरून दिसतं. पॅकेजचे दर, दावे फेडायला लागणारे दिवस, जिल्हा रुग्णालयातली रिकामी पदं हे आकडे सभेत कुणी सांगत नाही. रेशन कार्डाची अट सगळ्यांसाठी खुली करणं योग्यच होतं. गरीब कोण हे कागदावरून शोधताना खरे गरीबच बाहेर राहतात, हे २०११ च्या यादीने दाखवून दिलं होतं. पण लाभार्थी वाढवले आणि त्या प्रमाणात पैसा आणि खाटा वाढवल्या नाहीत, तर पांढऱ्या कार्डाचा शहरातला, ओळखी असलेला माणूस आधी खाट मिळवतो आणि पिवळं कार्ड रांगेत मागे जातं.

राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०१७ मध्ये राज्यांना सांगितलं होतं की अंदाजपत्रकाचा ८ टक्क्यांहून जास्त वाटा आरोग्याला द्या, तोही २०२० पर्यंत. पंधराव्या वित्त आयोगाने तेच लक्ष्य २०२२ साठी पुन्हा मांडलं. महाराष्ट्र त्याच्या बराच खाली आहे. अपुऱ्या रकमेतून विम्याचा हप्ताही द्यायचा आणि सरकारी रुग्णालयंही चालवायची, तर एकाचं कमी करूनच दुसऱ्याला मिळतं. ऑक्टोबर २०२३ च्या सुरुवातीला नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात २४ तासांत २४ रुग्ण दगावले, त्यांत १२ नवजात बाळं होती. औषधं आणि माणसं पुरेशी होती का यावर वाद झाला, मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. खासगीने न घेतलेला किंवा शेवटच्या घटकेला सोडलेला रुग्ण जिथे येतो, तिथला पैसा कापून योजना मोठी करता येणार नाही. कापला तर रुग्णांचे जीव जातात.

पैसा कसा गळतो याकडेही डोळेझाक नको. देशाच्या महालेखापरीक्षकांनी २०२३ मध्ये आयुष्मानचा लेखाजोखा मांडला. एकाच मोबाइल नंबरावर सुमारे साडेसात लाख लाभार्थी नोंदलेले सापडले, आणि आधीच मृत दाखवलेल्या ३,४४६ रुग्णांच्या नावे ६.९७ कोटी रुपये दिले गेल्याचं दिसलं. हा हिशेब देशभराचा आहे. अशा चोरीवर उपाय म्हणून कागद वाढवले जातात, आणि वाढलेल्या कागदांचा त्रास खऱ्या रुग्णाला होतो.

तक्रार करायची तर क्रम असा ठेवावा. आधी आरोग्यमित्राकडे लेखी, पोच घेऊन. त्याच दिवशी मोफत क्रमांकावर, आणि तक्रारीचा नंबर लिहून घ्यायचा. मग योजनेच्या जिल्हा समन्वयकाकडे आणि जिल्हा शल्यचिकित्सकांकडे. रुग्ण भरती असतानाच केलेल्या तक्रारीला वजन असतं, कारण रुग्णालयाचा दावा अजून मंजूर व्हायचा असतो. पैसे परत मिळण्याची शक्यताही तेव्हाच जास्त.

योजनेत बसलंच नाही तर दोन वाटा आहेत. पहिली धर्मादाय रुग्णालयांची. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ कक खाली आणि उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मान्य केलेल्या योजनेप्रमाणे या रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी निम्म्या दरात ठेवाव्या लागतात. एकूण बिलाच्या २ टक्के रक्कम त्यासाठी वेगळ्या निधीत जमा करावी लागते. वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असेल तर निर्धन, ३ लाख ६० हजारांपर्यंत असेल तर दुर्बल. तातडीच्या रुग्णाकडे डिपॉझिट मागता येत नाही. अशा रुग्णालयात वैद्यकीय समाजसेवक असतो, त्याला थेट भेटावं. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला किंवा रेशन कार्ड सोबत ठेवावं. खाटा भरल्या आहेत असं उत्तर आलं तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात त्याच दिवशी कळवावं.

दुसरी वाट मुख्यमंत्री वैद्यकीय सहाय्यता निधीची. ठरावीक गंभीर आजारांना तिथून मदत मिळते आणि ती रक्कम थेट रुग्णालयाकडे जाते. अर्ज रुग्ण भरती असतानाच करावा लागतो, बिल भरून घरी गेल्यावर त्याचा उपयोग होत नाही. सोबत डॉक्टरांच्या सहीचं खर्चाचं एस्टिमेट, उत्पन्नाचा दाखला, रेशन कार्ड, आधार आणि आजाराचे अहवाल लागतात. फुले योजनेत हा उपचार का बसला नाही याची नोंद आरोग्यमित्राकडून लेखी घेऊन जोडली तर अर्ज परत यायचं एक कारण कमी होतं.